चौदा पॉइंटची अक्षरं

छापखान्यात खिळे जुळवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘चौदा पॉइंट’ ही कागदावर उमटलेल्या अक्षराची उंची नसते. ते अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर बसलेलं असतं, त्या खिळ्याची ती उंची. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणजे चौदा पॉइंटचा खिळा साधारण पाच मिलिमीटरचा. वेलांटी-उकारासाठी वरखाली जागा सोडलेली असते, म्हणून छापलेलं अक्षर त्याहून बुटकंच दिसतं. संगणकावरच्या फॉन्टलाही हाच हिशेब लागू पडतो.

२०१२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, लॅन्सिंग या राजधानीच्या शहरी, या पाच मिलिमीटरपायी २,०३,२३८ मतदारांच्या सह्या अडकून पडल्या.

त्याआधीच्या वर्षी राज्याने एक कायदा केला होता. एखाद्या शहराची तिजोरी रिकामी झाली, की गव्हर्नरने तिथे ‘आपत्कालीन व्यवस्थापक’ नेमायचा. या एका माणसाने नगरपालिकेचे करार मोडावेत, मालमत्ता विकावी, निवडून आलेल्या महापौराला आणि नगरसेवकांना बाजूला बसवावं, इतके अधिकार त्याला दिले होते. डेट्रॉइट, फ्लिंट, पॉन्टिॲक, बेंटन हार्बर ही या कायद्याच्या टप्प्यात आलेली शहरं. बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी आणि मोटारींचे कारखाने गेल्यावर आलेलं दारिद्र्यही मोठं. कामगार संघटना आणि नागरिकांच्या गटांनी मिळून सह्यांची मोहीम काढली. कायदा जनमतासाठी मतपत्रिकेवर आणायला १,६१,३०५ सह्या पुरेशा होत्या, गोळा झाल्या त्याहून खूप जास्त. तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली: अर्जाचं शीर्षक ठळक चौदा पॉइंटमध्ये हवं असं कायदा म्हणतो, आणि पट्टीने मोजलं तर अक्षरं लहान भरतात.

याचा निकाल ज्या मंडळाने द्यायचा, त्याचे सदस्य चार. दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. निर्णयाला तीन मतं लागतात. मतं पडली दोन विरुद्ध दोन, आणि अर्ज तिथेच थांबला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी तो मतपत्रिकेवर घ्यायला लावला. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी कायदा फेटाळला.

डिसेंबरमध्ये त्याच विधिमंडळाने जवळपास तसाच कायदा पुन्हा केला. या खेपेला त्यात एक छोटी आर्थिक तरतूद घातली. मिशिगनच्या १९६३च्या राज्यघटनेत असं आहे, की सरकारी संस्थांना पैसे मंजूर करणाऱ्या कायद्याविरुद्ध जनमत मागता येत नाही. मूळ हेतू समजण्यासारखा आहे. सह्या गोळा करून कुणी राज्याचा खर्चच बंद पाडू नये. पण २००१ साली शस्त्रपरवान्यांच्या एका खटल्यात न्यायालयाने ठरवलं, की रक्कम कितीही असली तरी ही ढाल चालते. तेव्हापासून ज्या कायद्याला जनतेची भीती वाटते, त्याच्या शेपटाला थोडे पैसे बांधायचे, ही रीतच पडली.

या दुसऱ्या कायद्याच्या काळात, एप्रिल २०१४मध्ये, फ्लिंट शहराचं पाणी डेट्रॉइटच्या जलवाहिनीवरून काढून फ्लिंट नदीवर नेण्यात आलं. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे द्रव्य मिसळावं लागतं ते मिसळलं नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं सुमारे लाखभर वस्तीच्या घराघरात उतरलं. पाण्याची तक्रार घेऊन लोक नगरपालिकेत जात होते, पण तिथल्या निवडून आलेल्या माणसांच्या हातात निर्णय राहिलेला नव्हता.

अमेरिकेतल्या पुरोगामी राजकारणाबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक वॉशिंग्टनच्या उंचीवरून. अध्यक्ष कोण, भाषण काय, सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश कुणाचे. तेही महत्त्वाचं आहेच. पण तिथे आपल्यासारखा देशभराचा एकच निवडणूक आयोग निवडणूक घेत नाही. मतदारयादी, मतपत्रिका, मोजणी, मतदारसंघांच्या रेषा हे सगळं राज्यांच्या आणि त्याखाली काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग), शहर, टाउनशिप (शहराबाहेरची स्थानिक संस्था) यांच्या हातात असतं. लोकशाही तिथे दुखावली जाते ती याच पातळीवर, आणि दुरुस्तही तिथेच करावी लागते. मिशिगनमध्ये हे दोन्ही झालेलं दिसतं, म्हणून त्या एकाच राज्यापाशी थांबावंसं वाटतं.

दुरुस्तीची सुरुवात नकाशापासून झाली. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघ नव्याने आखतात, आणि २०११ साली ते काम रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केलं. पुढे खटल्यात त्या वेळचे ई-मेल बाहेर आले. एकात डेमोक्रॅट मतदारांना कचरा म्हटलं होतं आणि तो सगळा चारच मतदारसंघांत कोंबायची भाषा होती. तंत्र तेच आहे: विरोधकांची मतं काही ठिकाणी ठासून भरायची, म्हणजे तिथे ते ऐंशी टक्क्यांनी जिंकतील आणि जास्तीची मतं वाया जातील, उरलेली मतं पातळ करून पसरायची, म्हणजे तिथे ते थोडक्यात हरत राहतील. २०१२मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत राज्यभर डेमोक्रॅट उमेदवारांना जास्त मतं मिळाली, आणि १४पैकी ९ जागा रिपब्लिकन पक्षाला. २०१८मध्येही राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅट मतं जास्त आणि जागा ११०पैकी ५२.

एप्रिल २०१९मध्ये तीन संघीय न्यायाधीशांनी यातले ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले. दोनच महिन्यांनी, २७ जून २०१९ला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा न्याय संघीय न्यायालयं करू शकत नाहीत. मिशिगनबद्दलचा एप्रिलमधला निकाल पुसला गेला. मिशिगन सावरलं, कारण तिथल्या लोकांनी न्यायालयाची वाट पाहिली नव्हती.

१० नोव्हेंबर २०१६ला, ट्रम्प जिंकले त्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी, केटी फेही या २७ वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर लिहिलं, की मला मिशिगनमधला हा प्रकार हाती घ्यायचा आहे, कुणाला यायचं असेल तर कळवा. लोक आले. त्यांनी आधी मसुदा लिहिला नाही. ३३ दिवसांत ३३ गावांत सभा घेतल्या आणि लोकांना काय हवं ते विचारलं. मग मतदारसंघ आखायचं काम विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे देणाऱ्या घटनादुरुस्तीचा मसुदा केला, अर्जाचा नमुना छापून घेतला आणि ऑगस्ट २०१७मध्ये रस्त्यावर उतरले.

सह्यांची मोहीम लांबून सोपी वाटते. घटनादुरुस्तीला गेल्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या १० टक्के सह्या लागतात, नव्या कायद्याला ८ टक्के, झालेला कायदा रोखायला ५ टक्के. घटनादुरुस्तीच्या सह्या १८० दिवसांच्या आतल्या हव्यात. सही करणारा नोंदणीकृत मतदार हवा. त्याने पत्ता लिहायचा, शहर की टाउनशिप ते नीट सांगायचं, आणि तारीख स्वतः घालायची. इथे पहिली गळती होते: पुष्कळांचा पोस्टाचा पत्ता एका शहराचा असतो आणि घर शेजारच्या टाउनशिपच्या हद्दीत. दुसरी गळती सह्या गोळा करणाऱ्याच्या हातून. कागद भरल्यावर त्याने खाली स्वतःची सही आणि तारीख करायची असते. घाईत ती आधीच करून ठेवली, तर त्या तारखेनंतरच्या सगळ्या सह्या बाद. मग नमुना तपासणी. राज्याचं निवडणूक कार्यालय ढिगातून सुमारे ५०० सह्या यादृच्छिक पद्धतीने उचलतं आणि मतदारयादीतल्या सहीशी ताडून पाहतं. सव्वाचार लाखांच्या ढिगात नमुन्यातली एक बाद सही म्हणजे जवळजवळ ८५० सह्यांवर पाणी. म्हणून जाणती माणसं गरजेपेक्षा निदान चौथा हिस्सा जास्त जमवतात.

या गटाला लागत होत्या ३,१५,६५४. त्यांनी ४,२५,०००हून जास्त आणल्या, तेही चारएक महिन्यांत आणि मुख्यतः बिनपगारी स्वयंसेवकांच्या जोरावर. जत्रांमध्ये, महामार्गावरच्या विश्रांतिस्थानांवर, फुटबॉलच्या सामन्यांबाहेर माणसं परीक्षेला नेतात तसे पॅड घेऊन उभी होती. पैसे देऊन सह्या जमवल्या की काय होतं, ते चार वर्षांनी दिसलं. २०२२मध्ये गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक बनावट सह्यांमुळे शर्यतीतून बाहेर पडले. एका उमेदवाराला १५,००० वैध सह्या लागतात. निवडणूक कार्यालयाला ३६ जमवणाऱ्यांच्या कागदांवर निदान ६८,००० खोट्या सह्या सापडल्या. पद्धतही ठरलेली असते. टेबलाभोवती बसायचं, कागद एकमेकांकडे फिरवायचा, प्रत्येकाने एकेका ओळीवर सही करायची, म्हणजे एका पानावर एकच हस्ताक्षर दिसत नाही.

घटनादुरुस्ती एवढी मोठी आहे की ती दुरुस्ती नसून फेरलेखनच आहे, असा दावा घेऊन विरोधक न्यायालयात गेले. जुलै २०१८मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ती मतपत्रिकेवर राहिली. एका मताचा फरक. नोव्हेंबरमध्ये ६१ टक्के मतदारांनी ती मंजूर केली. रिपब्लिकन मतदारांचीही मतं मिळाल्याशिवाय हा आकडा गाठता आला नसता, आणि मला वाटतं यशाचं मूळ तिथेच आहे. मोहिमेने ‘आमचा पक्ष जिंकवा’ असं कुठे म्हटलं नाही. आपल्या रेषा कुणी आखाव्यात, एवढंच विचारलं.

आयोगाची रचनाही काळजीपूर्वक केलेली आहे. १३ सदस्य: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. गेल्या सहा वर्षांतले उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी, लॉबीस्ट आणि त्यांचे जवळचे नातेवाईक बाद. आलेल्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून २०० नावं निवडायची. विधिमंडळातल्या चार नेत्यांना प्रत्येकी पाच नावं खोडायचा अधिकार. उरलेल्यांतून पुन्हा चिठ्ठ्या. अंतिम नकाशाला साधं बहुमत पुरत नाही. तिन्ही गटांतल्या निदान दोघादोघांची संमती लागते. निकषही क्रमाने लिहिले आहेत: आधी समान लोकसंख्या आणि मताधिकाराचा संघीय कायदा, मग सलगता, मग समान हितसंबंध असलेल्या वस्त्या, मग पक्षीय समतोल. गावांच्या हद्दी आणि आकाराचा आटोपशीरपणा शेवटी.

डिसेंबर २०२१च्या अखेरीस नकाशे मंजूर झाले. २०२२मध्ये डेमोक्रॅट पक्षाने सुमारे चाळीस वर्षांनी गव्हर्नरपद आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी जिंकली, प्रतिनिधिगृह ५६-५४ आणि सिनेट २०-१८. पुरोगामी लेखक ही गोष्ट बहुधा इथे संपवतात. पण ती इथे थांबत नाही.

आयोगाच्या सल्लागारांनी सांगितलं होतं, की डेट्रॉइट भागातल्या मतदारसंघांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण अर्ध्याच्या खाली ठेवलं तरी त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येतो. मग शहराचे पट्टे पाडले गेले. शेताच्या वाटण्या होताना प्रत्येक भावाच्या तुकड्याला विहीर लागावी म्हणून जसे अरुंद, लांब पट्टे काढतात, तसे डेट्रॉइटमधून निघून एट माइल रोड ओलांडून उत्तरेकडच्या गोऱ्या उपनगरांत शिरणारे मतदारसंघ झाले. पक्षीय समतोल त्यातून साधला. चूक झाली ती अशी, की सल्लागारांचे आकडे मुख्यतः नोव्हेंबरच्या निवडणुकीचे होते. डेट्रॉइटमध्ये खरी लढत ऑगस्टच्या पक्षांतर्गत निवडणुकीत होते. तिथे मतदान कमी, आणि उपनगरांचं वजन जास्त. डेट्रॉइटकर सुनावण्यांना येऊन हे आयोगाला सांगत होते. डिसेंबर २०२३मध्ये तीन न्यायाधीशांनी राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द केले आणि नकाशा पुन्हा काढायला लावला.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचं नाव भेटतं. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२मध्ये याच नव्या नकाशातल्या १३व्या मतदारसंघातून काँग्रेसवर गेले. (काँग्रेसचे मतदारसंघ त्या निकालात आलेले नव्हते.) पक्षांतर्गत लढतीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. आपल्याकडे त्याचा आनंद झाला, आणि तो स्वाभाविकच होता. डेट्रॉइटमधून पाहिलं तर तीच घटना वेगळी दिसते. ज्या शहरात चारातले तीन रहिवासी कृष्णवर्णीय, त्या शहराचा काँग्रेसमध्ये १९५५पासून सतत कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. जानेवारी २०२३मध्ये ही मालिका तुटली. याला उमेदवारांची गर्दी कारणीभूत आहे, ठाणेदारांनी स्वतःचा ओतलेला पैसा आहे आणि नकाशाही आहे. ठाणेदारांना मत देणाऱ्या कृष्णवर्णीय मतदारांनाही आपलं मत कळत होतं, हेही धरलं पाहिजे. पण आपला माणूस जिंकला म्हणून डेट्रॉइटकरांची खंत आपल्याला ऐकू येऊ नये, हे बरं नाही. २०२४मध्ये ठाणेदारांच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्याचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही: १,००० वैध सह्या हव्या होत्या, छाननीत ८६३ उरल्या.

सत्ता आल्यावर २०२३मध्ये डेमोक्रॅटांनी झपाट्याने कामं केली. १९३१चा गर्भपातबंदीचा कायदा रद्द झाला, समलिंगी आणि पारलिंगी लोकांना भेदभावापासून कायद्याचं संरक्षण मिळालं. २०१२चा कामगार संघटनांना कमजोर करणारा कायदाही रद्द झाला. त्या २०१२च्या कायद्यालाही जनमत टाळण्यासाठी आर्थिक तरतूद जोडलेली होती, आणि त्यावर पुरोगाम्यांनी केलेली टीका रास्त होती. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी २०१९मध्ये लेखी जाहीर केलं होतं, की अशी शेपटं लावलेली विधेयकं मी परत पाठवीन. २०२३च्या विधेयकाला दहा लाख डॉलरची तरतूद जोडली गेली, आणि त्यांनी त्यावर सही केली.

कायदा रद्द होणं मला योग्यच वाटतं. कामगारांच्या बाजूने उभं राहायचं तर तो जायलाच हवा होता. पण त्याला लावलेलं ते शेपूट मला सलतं. फ्लिंटच्या लोकांचं मत ज्या फटीतून बाहेर फेकलं गेलं, ती फट बुजवायची संधी हातात असताना तिचाच वापर झाला. दोन्ही सभागृहं आपली असताना आर्थिक तरतुदीच्या अपवादाची व्याख्या आवळणारी घटनादुरुस्ती लोकांपुढे नेण्याचा निदान प्रयत्न करायला हवा होता. पुढच्याच निवडणुकीत, २०२४मध्ये, प्रतिनिधिगृह ५८-५२ असं रिपब्लिकनांकडे गेलं. फट तशीच आहे.

एक फट मात्र बुजवली, आणि तिची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मिशिगनमध्ये मोजणी आधी काउंटीचं चार जणांचं मंडळ प्रमाणित करतं, नंतर राज्याचं. त्यांनी ताळा पाहायचा: मतदान केंद्राच्या वहीत किती जणांची नोंद आणि यंत्रात किती मतपत्रिका. हा ताळा अनेकदा एक-दोनने चुकतो. कुणी वहीत नाव नोंदवतो, रांग पाहून मतपत्रिका न टाकताच निघून जातो. वहीत एक जास्त, यंत्रात एक कमी. १७ नोव्हेंबर २०२०ला डेट्रॉइट ज्यात येतं त्या वेन काउंटीच्या मंडळात अशाच फरकांवरून आधी दोन-दोन मतं पडली, आणि त्याच रात्री, नागरिकांनी तासन्‌तास सुनावल्यावर, प्रमाणपत्र मंजूर झालं. बायडेन राज्यात १,५४,१८८ मतांनी पुढे होते. २३ तारखेला राज्याच्या मंडळात तीन मतं हवी होती. दोन डेमोक्रॅटांची होती. एक रिपब्लिकन तटस्थ राहिले. दुसरे, ॲरन व्हॅन लॅंगेव्हेल्ड, पेशाने वकील, म्हणाले की कायद्याने आपल्याला प्रमाणित करण्यापलीकडे अधिकार दिलेला नाही. त्यांनी मत दिलं. पक्षाने त्यांचं नाव पुन्हा सुचवलं नाही.

लोकशाही एका माणसाच्या सचोटीवर टांगलेली राहू नये, म्हणून २०२२मध्ये मतदारांनी सुमारे ६० टक्क्यांनी घटनेतच लिहून घेतलं, की प्रमाणित करणं हे कारकुनी कर्तव्य आहे, त्यात मंडळाला स्वतःची मर्जी चालवता येणार नाही. त्याच वर्षी गर्भपाताच्या हक्काची घटनादुरुस्ती अर्जावरच्या शब्दांमधली मोकळी जागा नीट सुटली नाही या कारणावरून मंडळात दोन-दोनवर अडकली होती. सात लाखांहून जास्त सह्या, आणि अडथळा शब्दांमधल्या जागेचा. न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ती सोडवली.

सध्याची हवा वेगळी आहे. ऑगस्ट २०२५मध्ये टेक्ससने दशकाच्या मध्येच काँग्रेसचा नकाशा बदलला, रिपब्लिकनांना पाच जागा वाढाव्यात म्हणून. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा २०३०पर्यंत बाजूला ठेवून उत्तर दिलं. कॅलिफोर्नियाने निदान लोकांना विचारलं, टेक्ससने विचारलं नाही. हा फरक मी लहान मानत नाही. तरीही चांगला आयोग असलेलं राज्य तो बाजूला ठेवतं तेव्हा दुसऱ्या राज्यात सह्यांचे पॅड घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज थोडा खाली जातो. मिशिगनला असं काही पटकन करता येत नाही. आयोग घटनेत आहे, आणि घटना बदलायला सध्या ४,४६,१९८ सह्या लागतात.

किंवा दुसरी वाट. मिशिगनची राज्यघटना दर १६ वर्षांनी मतदारांना विचारते, की पूर्ण घटना नव्याने लिहायला परिषद बोलवायची का. १९७८, १९९४ आणि २०१०मध्ये लोकांनी नाही म्हटलं. ३ नोव्हेंबर २०२६च्या मतपत्रिकेवर तो प्रश्न पुन्हा आहे. होकार आला, तर प्रमाणपत्राचं कलम, आयोगाचं कलम, आर्थिक तरतुदीचा अपवाद, सगळं एकदम टेबलावर येईल. परिषदेचे प्रतिनिधी १४८ असतील: प्रतिनिधिगृहाच्या ११० आणि सिनेटच्या ३८ मतदारसंघांतून प्रत्येकी एक. त्यात डेट्रॉइटचे तेही असतील, ज्यांच्या रेषा न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा आखल्या आहेत.